मगरीबनंतरची रिंग

पांढरकवड्याच्या बाजाररस्त्यावर जफरच्या दुकानाला दोन पाट्या होत्या. वरची मोठी, पेंटरकडून करून घेतलेली: जफर मोबाईल दवाखाना. खालची लहान, त्यानं स्वतःच्या हातानं लाल रंगात लिहिलेली: अपडेट मारण्याआधी विचारा, मारल्यावर रडू नका. वरची पाटी दुकानाला पाटी हवी म्हणून होती. जफरचा खरा जीव खालच्या पाटीत होता.

लोक रडतच यायचे. फोननं काहीतरी विचारलेलं असायचं, मालकानं 'हो' म्हटलेलं असायचं, आणि मग कोणाचा आवाज गेला, कोणाचं नेटवर्क गेलं, कोणाच्या नातवाचे फोटो कुठे जाऊन बसले ते सापडेना. जफर चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचा आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा, "काय दाबलं होतं?" उत्तरही सगळ्यांचं एकच, "काहीच नाही दाबलं, जफरभाई." मग जफर बाकीच्या गिऱ्हाइकांकडे वळून म्हणायचा, "पाहा. फोन स्वतःच उठला, स्वतःच दाबून आला." लोक हसायचे, ज्याचा फोन तोही हसायचा, आणि त्यानंतर अपडेट या विषयावर जफरचं भाषण व्हायचं. या भाषणाची त्याला इतकी सवय झाली होती की दुकान बंद करून मागच्या दारानं घरात गेला तरी ते संपायचं नाही.

घरात ऐकायला एकटी हलीमा, त्याची बायको. दिवाळीच्या सुमारास तिला पहिल्यांदा स्वतःचा फोन मिळाला आणि महिना व्हायच्या आत तिनं अपडेट मारलं. बिघडलं काहीच नाही, चार चिन्हं इकडची तिकडे झाली. पण जफरनं त्याचं असं प्रकरण केलं की पाहुण्यांसमोर, दूधवाल्यासमोर, दिसेल त्याच्यासमोर सांगत सुटला, "दवाखाना माह्या घरात, अन् रोगी बी माह्याच घरात." हलीमा गप्प राहिली. ती गप्प राहिली म्हणजे विसरली असा अर्थ होत नाही, हे एवढ्या वर्षांच्या संसारात त्याला कळायला हरकत नव्हती.

आणि त्या शनिवारी सकाळी, दुकान उघडून, चहा पिऊन, कोणी गिऱ्हाईक यायच्या आत, जफरनं स्वतःच्या फोनवर अपडेट मारलं.

कायले मारलं, हे त्यानं नंतर स्वतःला बऱ्याचदा विचारलं आणि प्रत्येक वेळी त्याला स्वतःचीच लाज वाटली. फोन रोज विचारायचा, जफर रोज 'नंतर' दाबायचा. त्या दिवशी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की फोटो आता अधिक सुंदर येतील आणि चेहरा अधिक उजळ दिसेल. आदल्याच आठवड्यात वणीला एका लग्नात काढलेल्या फोटोत जफरची मेंदी लावलेली दाढी विटकरी आली होती आणि चेहरा दाढीमागे राहून गेला होता. तो फोटो नात्यातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरला होता. पन्नाशीच्या माणसानं उजळ दिसण्यासाठी बटण दाबलं, एवढीच ती गोष्ट.

फोन बंद झाला, चालू झाला, छान रंगीत झाला. वरच्या कोपऱ्यात अक्षरं आली: सिम नाही.

काय दाबलं होतं, जफरनं स्वतःला विचारलं. आणि मन तडक म्हणालं, काहीच नाही. रिकाम्या दुकानात तो एकटाच हसला. मग त्याला संध्याकाळची रिंग आठवली आणि त्याचं हसू थांबलं.

ही रिंग म्हणजे त्याच्या घरातली अजानीनंतरची दुसरी ठरलेली गोष्ट. हलीमाची आई बतूलबी मुकुटबनला एकटी राहायची. लेकीकडे कायमचं राहायला ती तयार नव्हती, आणि तिच्या शेळ्या तर त्याहून नव्हत्या. जफरनं तिला एक बटणाचा फोन देऊन ठेवला होता आणि त्यातलं दोनचं बटण आपल्या नंबराला बांधून दिलं होतं. सूर्यास्ताची, मगरीबची नमाज झाली की बतूलबी दोनचं बटण दाबून धरायची, जफरचा फोन एकदा वाजायचा, आणि ती कापायची. तो उचलायचा नाही हा नियम. इकडे हलीमा चुलीपाशी भाकरी थापता थापता विचारायची, "आली का?" जफर म्हणायचा, "आली." आई ठीक आहे, एवढं त्या एका शब्दात सामावायचं. बोलणं व्हायचं ते जुम्म्याच्या दिवशी, जफरच्या फोनवरून.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी रिंग आली नव्हती. जफरनं तशीच मोटरसायकल काढली. पोचला तेव्हा बतूलबी न्हाणीपाशी पडलेली होती, दुपारपासून. शेजारच्या पुंडलिकरावांच्या गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर आलात. त्या दिवसापासून त्या एका रिंगेवर हलीमाची झोप अवलंबून होती आणि खरं म्हणजे जफरचीही. तो तसं बोलून दाखवायचा नाही, पण मगरीब झाली की हातातलं काम खाली ठेवायचा.

तेव्हा संध्याकाळच्या आत सिम चालू व्हायलाच हवं होतं. तसा वेळ भरपूर होता, आणि तालुक्यातला सगळ्यात जुना मोबाईलवाला स्वतः इलाजाला बसला होता.

गिऱ्हाइकाचा फोन असला की जफर साध्यापासून सुरू करायचा. हे चालू आहे का, ते बंद आहे का, बटणं पाहायची आणि मगच हत्यार उचलायचं. पण हा गिऱ्हाइकाचा फोन नव्हता. हा डॉक्टरचा फोन होता, आणि डॉक्टरच्या फोनला साधा रोग कसा होईल? त्यानं पिन घालून सिम बाहेर काढलं. खोडरबरनं त्याचं सोनेरी तोंड घासलं. बसवलं: सिम नाही. मग ब्रशनं थिनर लावलं. बसवलं: सिम नाही. मग त्याला वाटलं आत ओल गेली असणार. थंडीच्या कोरड्या दिवसांत ओल कुठून जाणार, हे विचारायला दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यानं भिजलेल्या फोनांसाठी ठेवलेला गरम हवेचा ब्लोअर काढला आणि सिमवर धरला. त्याच वेळी बाहेर कोणीतरी 'जफरभाई' म्हणून हाक मारली, तो वळून बघायला लागला, आणि ब्लोअर तिथेच राहिला. परत पाहिलं तेव्हा सिम कडेनं वळलं होतं, तव्यावरच्या पापडासारखं.

हाक मारणारा बाबूसिंग होता. जवळच्या तांड्यावरचा, ट्रक चालवणारा, जुनं गिऱ्हाईक. त्यानं फोन काउंटरवर ठेवला. "जफरभाई, पाहा न. सिम नाही म्हनून राह्यलं."

"काय दाबलं होतं?"

"काहीच नाही दाबलं."

"अपडेट आलं होतं?"

बाबूसिंगनं खालच्या पाटीकडे पाहिलं. "ते असंच आलं, भाई. रात्री."

जफरनं फोन घेतला. अंगठा आपल्याआपणच चालत गेला: सेटिंग, नेटवर्क, सिम. अपडेट झालं की हे कंपनीवाले कधीकधी सिमचं बटण आतून बंद करून टाकतात, हे त्यानं याआधी कित्येकांना दाखवलं होतं. त्यानं बटण सरकवलं. करड्याचं निळं झालं. वर चारही काड्या उभ्या राहिल्या.

"झालं?" बाबूसिंग म्हणाला.

"झालं. म्हनूनच म्हनतो मी तुमाले, आधी साधं पाहत जा. तुम्ही लोक काय करता, सिम काढता, घासता, फुंकता," जफरचं भाषण सुरू झालं, "अरे भाऊ, बटण बंद असन तं सिमचा काय दोष? त्याले कायले छळता..."

इथे तो थांबला. इतक्या वर्षांत भाषण मध्येच थांबण्याची ही पहिलीच वेळ. बाबूसिंगला वाटलं डॉक्टरला ठसका लागला, त्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

बाबूसिंग गेल्यावर जफरनं स्वतःचा फोन उघडला. सेटिंग, नेटवर्क, सिम. बटण बंद होतं. करडं, शांत. त्यानं ते सरकवलं आणि दुकानातलं टेस्टिंगचं सिम आत घातलं. नेटवर्क तत्काळ आलं. पेशंट ठणठणीत होता. त्याला काहीएक झालेलं नव्हतं. त्याला डॉक्टरनं मारलं होतं, घासून, धुवून आणि भाजून.

खरं तर अजूनही काही गेलं नव्हतं. मागच्या दारातून आत जायचं, हलीमाला म्हणायचं की मी अपडेट मारलं आणि सिम जाळलं, आणि दोघांनी बसून मार्ग काढायचा. जफर दारापर्यंत गेलाही. आत हलीमा तूर निवडत बसली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिला दिवाळीपासून ऐकवलेलं सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि तो पाणी पिऊन परत आला.

त्यानं टेस्टिंगच्या सिमवरून बतूलबीचा नंबर लावला. तो त्याला पाठ होता. बाकीचे सगळे नंबर, पुंडलिकरावांचासुद्धा, त्यानं सिमवरच ठेवले होते, ते सिमबरोबर गेले. सिमवर नंबर ठेवू नका असं तो गिऱ्हाइकांना बजावायचा. पलीकडे घंटी वाजत राहिली. कोणी उचललं नाही.

उचलणार नव्हतंच. तो बंदोबस्तही त्याचाच. बतूलबीला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं आपल्या नंबराला कोंबड्याची बांग लावून दिली होती आणि तिला पक्कं शिकवलं होतं, "अम्मी, कोंबडा आरवला तं मी. दुसरं काही वाजलं तं उचलायचं नाही. बँकवाला म्हनो, पोलीस म्हनो, खुद्द फरिश्ता म्हनो, हात लावायचा नाही." फसवणाऱ्यांचा काळ, म्हातारी एकटी. शिकवलं ते योग्यच होतं, आणि बतूलबीनं ते असं पाळलं की तिला शाबासकी द्यावी. हलीमाचा नवा नंबरही त्या फोनमध्ये नव्हता. पुढल्या खेपेला गेलो की भरून देऊ, असं जफर दिवाळीपासून म्हणत होता.

घंटी वाजते म्हणजे फोन चालू आहे, आणि फोन चालू आहे म्हणजे अम्मी ठीक आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं. न्हाणीपाशी पडलेल्या माणसाचा फोनही वाजतो, हे त्याला माहीत होतं. त्यानं तो विचार बाजूला सारला.

संध्याकाळ झाली. अजान झाली. हलीमानं चुलीपाशून विचारलं, "आली का?"

"आली," जफर म्हणाला.

"वेळेवर?"

"वेळेवर." एका खोट्यात भागत होतं तिथे त्यानं दोन केली. हलीमानं भाकरी उलटली. जफरला त्या रात्री जेवण गेलं नाही आणि त्यानं ते आंबट ढेकरांवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, नवीन सिम काढायला जायचं ठरवलं. आता नवीन सिम त्या बाजारात एकाच ठिकाणी मिळायचं, रस्त्याच्या पलीकडे, शाहिदच्या दुकानात. हा शाहिद जफरच्याच हाताखाली काम शिकला, आणि मग समोरच काचेचं दुकान थाटून बसला. तेव्हापासून जफर सगळ्यांना सांगायचा की पोरगा बरा आहे, पण त्याला फोनची नाडी कळत नाही. सकाळभर तो शाहिदच्या दुकानातली गर्दी कमी व्हायची वाट पाहत आपल्या दारात उभा राहिला. गर्दी काही कमी झाली नाही. शेवटी दुपारी मान खाली घालून रस्ता ओलांडला.

"या उस्ताद," शाहिद उठून उभा राहिला. दुकानात बसलेले सगळेच वळून बघायला लागले. "काय सेवा?"

"सिम बदलून पायजे. फोन हातातून पडला."

शाहिदनं ते वळलेलं सिम चिमटीत धरून उजेडात पाहिलं. पडून असं होत नाही, हे त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलं हे जफरलाही कळलं. जफरनंच त्याला ब्लोअर धरायला शिकवलं होतं. "पडतात, उस्ताद," शाहिद अदबीनं म्हणाला आणि मशीन पुढे केलं. "अंगठा ठेवा."

अंगठा उठेना. आयुष्यभर थिनर वापरून आणि सोल्डरचे गरम डाग देऊन जफरच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. दुसरं बोट ठेवलं, तेही नाही. शाहिदनं त्याची बोटं फडक्यानं पुसली, जफरनं ती कपाळावर घासली, तरी मशीन म्हणे हा माणूस जफर नाही. त्या क्षणी मशीनचं म्हणणं त्याला पटलं होतं. अखेर डाव्या हाताची करंगळी चालली.

"वरून चालू व्हायले वेळ लागन, उस्ताद. आज रविवार. उद्या दुपारपर्यंत होऊन जाईन."

"उद्या?"

"काही अर्जंट होतं का? माह्या फोनवरून लावा न."

शाहिदनं मनापासून विचारलं होतं. पण शाहिदच्या फोनवरून लावला तरी तिकडे कोंबडा आरवणार नव्हता. "नाही, नाही. अर्जंट काय असते," जफर म्हणाला आणि आपल्या दुकानात येऊन बसला. दुपारी त्यानं टेस्टिंगच्या सिमवरून परत लावून पाहिलं. घंटी वाजली, कोणी उचललं नाही. मोटरसायकल दारातच उभी होती. पण मोटरसायकल काढली की हलीमा विचारणार, काहून, कुठी. मग सगळं सांगावं लागणार. एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली आणि आता ती सांगायची म्हणजे कालचं 'आली' आणि कालचं 'वेळेवर'ही सांगावं लागणार होतं. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला एवढं कळतं की एक स्क्रू चुकीचा बसला की पुढचे सगळे वाकडे बसतात. कळूनही तो बसून राहिला.

"आली का?" संध्याकाळी हलीमानं विचारलं.

"आली." या वेळी त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही.

सोमवारी सकाळी उठल्याबरोबर त्यानं नंबर लावला. घंटी वाजलीच नाही. आपण संपर्क करत असलेला फोन बंद आहे, असं एक बाई गोड आवाजात सांगून गेली. जफरनं पुन्हा लावला, पुन्हा बंद.  डोळ्यांसमोर न्हाणी आली, सांडलेला गडू आला. दोन संध्याकाळी. दोन संध्याकाळी त्यानं हलीमाला तिची आई ठीक आहे म्हणून सांगितलं होतं आणि त्याला स्वतःला त्यातलं काहीएक माहीत नव्हतं. उजळ चेहऱ्यासाठी. आपल्या तोंडात कोणीतरी मारावी असं त्याला खरोखर वाटलं.

बाबूसिंग फोनची काच बसवून घ्यायला येऊन बाकावर बसला होता. "आज दुकान बंद," जफर म्हणाला आणि शटरचा आकडा शोधायला लागला. आवाज ऐकून हलीमा मागच्या दारातून पुढे आली.

"कुठी चालले?"

"मुकुटबनले."

"काहून? अम्मी ठीक आहे न?"

जफरनं तोंड उघडलं. आता सांगायचंच होतं, त्यानं ठरवलंच होतं. तेवढ्यात दुकानासमोर कापसानं काठोकाठ भरलेली पिकअप येऊन थांबली. जिनिंग कारखान्याला चाललेली गाडी. चालवणारे पुंडलिकराव, आणि त्यांच्या शेजारी, बुरख्यावर कापसाचे पुंजके घेऊन, मांडीवर गाठोडं धरून बतूलबी.

पुंडलिकरावांनी उतरून दार उघडलं. बतूलबी खाली आली, कोणाशी न बोलता सरळ जफरपाशी गेली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग खांदे चाचपले.

"जिते आहात," ती म्हणाली आणि दुकानाच्या पायरीवर बसली.

"आता मानलं का, मावशी?" पुंडलिकराव म्हणाले. "रस्ताभर सांगून राह्यलो, जफरभाऊले काही झालं नसन. ऐकते कोन. दोन दिवस बटण दाबून दाबून हिनं ब्याटरी संपवली. काल तं तीन वेळा माह्या अंगनात आलती. म्हने लेकीच्या घरी मयत झाली, मले गाडीत घ्या. माह्याजवळ असता तं मीच लावला असता तुमाले फोन. पण माह्या मोबाईलमधला तुमचा नंबर तुम्हीच मागच्या वेळी दुरुस्त करताना उडवला."

जफरला हेही आठवलं.

"दोन दिवस?" हलीमा म्हणाली. ती हळूच म्हणाली. "अम्मी, तू परवा संध्याकाळी रिंग नाही दिली?"

"कुठून देऊ? लागतच नाही. बाई म्हनते बंद आहे. काल बी बंद. बंद म्हनल्यावर मी काय समजू?"

 बाबूसिंग आपल्या फोनकडे पाहायला लागला. फोन बंद होता तरी तो त्यात पाहत राहिला.

"मी अपडेट मारलं," जफर म्हणाला. "शनिवारी. मंग सिम नाही म्हनाले लागला. बटण सरकवायचं होतं, तेवढंच. मी सिम घासलं, थिनरनं धुतलं, अन् ब्लोअरनं भाजलं. मंग तुले सांगाची हिंमत नाही झाली."

बाबूसिंगच्या तोंडून एक आवाज निघाला, तो त्यानं खोकला म्हणून खपवला. हलीमा हसली नाही. चिडलीही नाही. दिवाळीपासूनचं सगळं परत करायला याहून चांगली वेळ तिला मिळणार नव्हती, आणि जफर मान खाली घालून त्याचीच वाट पाहत होता.

"सिम गेलं तं गेलं," ती म्हणाली. "अम्मी ठीक आहे, हे तुम्ही कोनाच्या भरवशावर सांगतलं?"

  जफरच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला चष्मा पुरला नाही.

"जाऊ दे त्याले," बतूलबी म्हणाली. "भाजलं तं भाजलं. हे सोड आधी." आणि तिनं गाठोडं पुढे केलं.

हलीमानं पायरीवर बसूनच गाठ सोडली. आत ज्वारीच्या भाकरी होत्या, एकावर एक, आणि डब्यात घट्ट पिठलं, कांदा, तेलातला ठेचा. चार-पाच घरं जेवतील एवढं. जफरला आधी कळेना. मग कळलं. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, नातेवाइकांनी जेवण न्यायचं असतं. म्हातारी पहाटे उठून थापत बसली होती.

"माह्या मयतीच्या भाकरी?" जफर म्हणाला.

"मंग काय करू," बतूलबी म्हणाली. "रिकाम्या हातानं कशी येऊ? हलीमाच्या पोटात काही नसन, म्हनलं."

तेव्हा मात्र बाबूसिंगला आवरलं नाही, मग पुंडलिकरावांना आवरलं नाही, आणि सगळ्यात शेवटी हलीमाला. जफरही हसला, रडता रडता. शटर अर्धं ओढून ते सगळे आत बसले आणि जफरनं आपल्या मयतीच्या भाकरी खाल्ल्या. पिठलं झकास झालं होतं. त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि पुंडलिकराव म्हणाले, मेलेला माणूस इतका खात असन तं जित्यायनं काय करावं.

जेवण झाल्यावर जफर बतूलबीला म्हणाला, "अम्मी, आता असं नाही होनार. तुमची रिंग नाही आली तं मी त्याच मिनिटाले निघीन. तुमची खुशाली मले रोज कळली पायजे."

बतूलबीनं त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "माह्यी खुशाली?"

"मंग? रिंग त्याच्याचसाठी देता न तुम्ही?"

"माह्यी खुशाली मले ठाऊक आहे, जफरमिया. त्याच्यासाठी कायले रिंग देऊ?" ती म्हणाली. "मी पडली तवा तुम्ही आले, ते अल्लानं केलं. पण रिंग मी तुमच्यासाठी देतो. तिकडे घंटी वाजली म्हंजे माह्या लेकीचं घर जागेवर आहे. मंग मी दिवा बारीक करतो."

इतकी वर्षं जफरला वाटत होतं की तो रोज संध्याकाळी एका म्हातारीची काळजी घेतो. आठवण ठेवून, हातातलं काम खाली ठेवून. मुकुटबनला अंधार पडताना ती म्हातारी बटण दाबून त्याच्या घराची काळजी घेत होती, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तो उठून काउंटरमागे गेला, बतूलबीचा फोन चार्जिंगला लावला, आणि दिवाळीपासून राहिलेलं काम केलं: तीनच्या बटणाला हलीमाचा नंबर बांधला. कोणती बांग लावू, असं त्यानं हलीमाला विचारलं. तीही कोंबड्याचीच लावा, ती म्हणाली, कोंबडा आता एकट्या तुमचा नाही राह्यला.

दुपारी शाहिद रस्त्याच्या पलीकडून ओरडून म्हणाला, "उस्ताद, चालू झालं पाहा." जफरनंही सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "झालं. अन् पडलं नव्हतं, मी भाजलं होतं."

संध्याकाळी अजान झाली. बतूलबीनं आतल्या खोलीत नमाज पढली, मुसल्ला गुंडाळला, आणि सवयीनं फोन घेऊन दोनचं बटण दाबून धरलं. जफर तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. त्याच्या खिशातला फोन वाजला. नियमाप्रमाणे त्यानं उचलायचा नव्हता. त्यानं पहिल्याच रिंगेला उचलला.

"अम्मी," तो फोनमध्ये म्हणाला, "आम्ही ठीक आहो."

"मंग उचलता कायले?" बतूलबी एकदा फोनमधून आणि एकदा खोलीतून म्हणाली, आणि तिनं फोन कापला.

चुलीपाशून हलीमानं विचारलं, "आली का?"

"आली," जफर म्हणाला.

एरवी ती एवढ्यावर भाकरी उलटायची. आज तिनं आधी मान वळवून पाहिलं, आई बसलेली आहे, फोन तिच्या हातात आहे, आणि मग उलटली.